पळीभर बिअर

दिलीपराव मुजुमदार हा बिअरच्या बाबतीत फार सोवळा माणूस होता. हे वाचून कुणाला हसू येईल तर येऊ दे. आठवड्याला एकच बाटली, तीही शुक्रवारी, घरी बसून, दिवेलागण झाल्यावर. शनिवार मारुतीचा म्हणून शनिवारी नाही, चतुर्थीला नाही, श्रावणात तर नावच काढायचं नाही. बँकेच्या नोकरीपायी सांगली सुटली, भोपाळ झालं, कोटा झालं, शेवटी जयपूरला वैशाली नगरात बिऱ्हाड थाटलं, पण हे वर्ज्य दिवस सोडले तर शुक्रवारची बाटली कधी चुकली नाही. चारुलता, म्हणजे त्यांची बायको, ती बाटली फ्रिजमधल्या भाजीच्या खणात ठेवायची, दुधाच्या शेजारी नाही. सोबत शेंगदाणे भाजून द्यायची. स्वतः तिनं बिअरचा कधी वाससुद्धा घेतला नव्हता.

आणि मग २००७ च्या पावसाळ्यात टोंक रोडवर एक गाय आडवी आली. दिलीपराव स्कूटरवरून पडले ते डोक्याच्या मागच्या बाजूवर. हेल्मेट होतं, पण कुठे, तर डिकीत. आता या माणसाला काय म्हणायचं? हाड मोडलं नाही, टाकेही फारसे पडले नाहीत, सगळ्यांच्या जिवात जीव आला. पुण्याहून मुलगा निमिष धावत आला आणि चार दिवस राहून परत गेला. तो गेल्यानंतर लक्षात आलं की दिलीपरावांना वास येत नाही. उदबत्तीचा नाही, फोडणीचा नाही, ओव्याचा नाही.

डॉक्टरांनी सांगितलं की वासाची नस दुखावली आहे. परत आला तर वर्षभरात येईल, नाही आला तर मग आशा धरू नका. आणि जेवणातली सगळी गंमत वासातच असते, जिभेला नुसतं खारट, गोड, आंबट, कडू एवढंच कळतं, हेही त्यांनी समजावलं. ते समजावायची गरज नव्हती. ताटावर बसलेल्या नवऱ्याचा चेहरा चारुलताला रोज दिसतच होता.

पहिल्या शुक्रवारी त्यांनी बाटली उघडली, दोन घोट घेतले आणि पेला खाली ठेवला. म्हणाले, थंड आहे, कडू आहे, घशाला टोचते आहे, बाकी आत कुणी राहत नाही. उरलेली बिअर त्यांनी मोरीत ओतली. त्यानंतर शुक्रवार बंदच झाले.

बिअर बंद झाली याचं चारुलताला कशाला दुःख असेल? पण ती बंद झाली आणि तिच्यामागोमाग माणूसच बंद झाला. पूर्वी बँकेतून फोन करून आज भाजी कसली म्हणून विचारणारा माणूस, आता काय करू म्हटलं तर म्हणायचा, काहीही कर. वांगं केलं तरी तेच, पुरणपोळी केली तरी तेच. दिवाळीच्या चकल्या डब्यात मऊ पडल्या. आंघोळ करताना गुणगुणायचे ते थांबलं. मानेवर कॉलर सैल दिसायला लागली. तिला रात्रंदिवस एकच धास्ती होती, की वास येवो न येवो, हा माणूस असाच विझत गेला तर मी काय करू?

मग एका शुक्रवारी तिनं एक अचाट गोष्ट केली. ती स्वतः ठेक्यावर गेली. जयपूरला दारूच्या दुकानाला ठेका म्हणतात. तिथे जाळीसमोर पुरुषांची गर्दी होती. साडीतली, कुंकू लावलेली बाई बघून ती गर्दी अशी बाजूला झाली की चारुलताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. विचारलं नसतानाही तिनं सांगून टाकलं, भैया, साहेबांसाठी आहे. मतलब, आमच्या साहेबांसाठी. मग वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली कोथिंबिरीच्या जुडीखाली लपवून ती घरी आली.

संध्याकाळी तिनं बाटली उघडून पुढ्यात ठेवली. दिलीपराव म्हणाले, कशाला आणलीस, मला काही कळणार नाही. ती म्हणाली, तुम्हाला नाही तर नाही, मला कळेल, मी सांगते. बोलून तर बसली, पण आता प्यायची कशी? त्यांचा पेला उष्टा, आणि बिअरसाठी आपला वेगळा पेला काढायचा म्हणजे जरा अतीच. शेवटी तिनं उजव्या हाताचा द्रोण केला, म्हणाली, घाला पळीभर. त्यांनी तळव्यावर थोडी बिअर ओतली. ती तिनं भुरकन ओढली आणि अजाणता, जन्मभराच्या सवयीनं, ओला हात डोक्यावरून पुसला.

देवाचं तीर्थ घेतल्यावर पुसतात ना, अगदी तसाच.

दिलीपराव तिच्याकडे बघत राहिले आणि मग हसायलाच लागले. गुडघ्यावर हात मारून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. इतक्या महिन्यांनी घरात तो आवाज ऐकून चारुलताला रडू आलं, पण तिनं ते बिअरच्या नावावर खपवलं. शी, किती कडू, म्हणाली.

मग हसू ओसरल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "सांग ना. कशी लागते?"

कित्येक महिन्यांत त्यांनी खाण्यापिण्याबद्दल विचारलेला तो पहिला प्रश्न होता. चारुलतानं आणखी पळीभर घेतली. तिला बिअरमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण स्वयंपाकघर कळत होतं. ती म्हणाली की लाडवाचं बेसन भाजताना जरा खाली लागतं, तो वास आहे आधी. मग मेथी. आणि घोट गेल्यावर मागे तांब्याच्या भांड्यातलं पाणी प्यायल्यासारखं राहतं. दिलीपरावांनी डोळे मिटून एक घोट घेतला, तोंडात घोळवला, आणि बराच वेळ गिळला नाही. म्हणाले, बेसन कुणाच्या हातचं? ती म्हणाली, माझ्याच. ते म्हणाले, मग लागलं.

असे शुक्रवार परत सुरू झाले. पण बाटल्यांची एक अडचण होती. तीन-चार शुक्रवारांत चारुलतानं निकाल दिला की या सगळ्या एकाच घरच्या बहिणी आहेत, लेबल तेवढं वेगळं. दर वेळी बेसन आणि मेथी काय सांगायचं? मग दोघं बाहेर पडायला लागली. स्कूटर आता बंद, रिक्षानं जायची. एका जुन्या हवेलीतल्या हॉटेलात ठाकूर घराण्यातले म्हातारे मालक पाहुण्यांसाठी घरचं जवाचं पेय आंबवत, तिथे गेली. दुसऱ्या एका हॉटेलात परदेशी बाटल्या मिळत, त्यांतली एक काळीभोर होती. ती चाखून चारुलता म्हणाली, करपलेली भाकरी, तव्यावरच राहिलेली, आणि तिच्यावर कुणीतरी गूळ ठेवलाय. दिलीपरावांनी ती बाटली शेवटच्या थेंबापर्यंत संपवली. प्रत्येक ठिकाणी ती पळीभरच घ्यायची, तळव्यावरच, आणि डोक्यावर हात जाता जाता सावरायची. वेटर बघत राहायचे. शेजारच्या जयंतीजींनी एकदा अडून अडून विचारलं की भाभीजी, हल्ली दर शुक्रवारी कुठे जाता? चारुलतानं सांगितलं, औषधाला. त्यात खोटं काय होतं?

फिरता फिरता दोघं शहराच्या टोकाला सीतापुऱ्याला पोचली. तिथे कपड्यांच्या कारखान्यांत माल घ्यायला परदेशी लोक येतात, त्यांच्यासाठी एका हॉटेलवाल्यानं तळमजल्यावर तांब्याच्या टाक्या बसवून स्वतःचीच ताजी बिअर करायला घेतली होती. पिंप-दोन पिंपं, जास्त नाही. दिलीपरावांच्या पुढ्यात गव्हाची बिअर आली, गढूळ, पिवळसर. चारुलतानं तळव्यावर घेतली आणि भुरकन ओढली. मग सांगायला लागली ते थांबेचना. केळ्याचं शिकरण आहे आणि त्यात लवंग पडलीय. आणि त्याच्या खाली, अहो, तुम्हाला कुरडयांचा गहू आठवतो? माझी आई तीन दिवस भिजत घालायची. तिसऱ्या दिवशी झाकण काढलं की जो भपका यायचा, गोड आणि आंबूस, आणि आम्ही पोरं नाक धरून पळायचो आणि परत यायचो. तो आहे. गच्चीवरच्या साडीवर ओल्या कुरडया, नि तुम्ही नवे जावई, चोरून खात होता तो चीक.

दिलीपराव डोळे मिटून ऐकत होते. आणि मागे उभी राहून एक तरुण मुलगीही ऐकत होती. ती ज्ञानदा, त्या टाक्यांची मालकीण म्हणा, म्हणजे बिअर करणारी. नाशिकची पोर, परदेशात हे शास्त्र शिकून आलेली, आणि जयपुरात एकटी. मराठी ऐकून आली आणि खुर्ची ओढून बसलीच. म्हणाली, काकू, माझ्या बिअरबद्दल असं कुणी बोललं नव्हतं. त्या दिवसापासून शुक्रवार म्हणजे सीतापुरा असं ठरून गेलं. ज्ञानदाला त्यांच्या डब्यातली थालीपिठं मिळाली, आणि दिलीपरावांची कॉलर हळूहळू मानेला टेकायला लागली.

पण एक गोष्ट चारुलतानं कुणाला सांगितली नाही. ती हळूहळू वाढवून सांगायला लागली होती. बिअर कधी कधी साधीच असायची. शिकरण नसायचं, लवंग नसायची. पण समोर मिटलेले डोळे असायचे. मग ती कृष्णाकाठचा हुरडा घालायची, सासूबाईंचं हुलग्याचं माडगं घालायची, पहिल्या बदलीच्या गावची फुटाण्यांची भट्टी घालायची. ही फसवणूक आहे का, असा तिला प्रश्न पडायचा. पडू दे, म्हणायची. वर्ष सरत चाललं होतं आणि वास काही आला नव्हता.

होळी झाली आणि आठवड्यानं शीतला अष्टमी आली. जयपुरात त्या दिवशी चूल पेटवत नाहीत, आदल्या दिवशीचं शिळं आणि थंड खातात. जयंतीजी आधीच जवळच्या चाकसूला शीतला मातेच्या जत्रेला जाऊन आल्या होत्या. सकाळी त्यांनी ताटभर थंड पदार्थ आणून दिले आणि सोबत मातीच्या भांड्यात राबडी, म्हणजे ताकात जवाचं पीठ शिजवून रात्रभर आंबवलेली. शेजारधर्म म्हणून चारुलतानंही गॅस पेटवला नाही, चहासुद्धा नाही. दिलीपराव कुरकुर करत टेबलाशी बसले. चारुलतानं भांड्यावरचं झाकण काढलं.

दिलीपराव म्हणाले, "अगं, हे ताक जास्तच आंबलंय का? वास येतोय."

चारुलताचा हात तिथेच थांबला. त्यांनाही आपण काय बोललो ते मागाहून कळलं. तिनं झाकण परत ठेवलं, परत काढलं. ते म्हणाले, येतोय, थोडा, पण येतोय. ती उठली, हिंगाची डबी आणली आणि सरळ त्यांच्या नाकाखाली धरली. त्यांनी मान झटक्यात मागे घेतली आणि शिंकले. मग ती डबी हातात धरूनच ती खाली बसली आणि मोठ्यानं रडली. या खेपेला रडू नावावर खपवायला बिअरही नव्हती.

पुढच्या दिवसांत एकेक वास परत आला. उदबत्ती, मोहरी, निमिषचा लहानपणचा स्वेटर. फोनवर भाजी विचारणं सुरू झालं. आणि शुक्रवारी दिलीपराव आंघोळीत गुणगुणले. चारुलताला एवढं सुख झालं की सांगता सोय नाही. पण साडी नेसताना तिला उगाचच हुरहुर वाटली. आता त्यांचं नाक आलं, त्यांची जीभ आली. आता आपण कशाला? तिनं मनाशी ठरवलं की आज आपण लिंबू सोडा घ्यायचा.

सीतापुऱ्याला ज्ञानदानं बातमी ऐकून टाळ्या वाजवल्या. ताज्या पिंपातला पहिला पेला स्वतः भरून आणला आणि समोर उभी राहिली. दिलीपरावांनी वास घेतला. घोट घेतला. परत एक घेतला. चारुलता त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती, शिकरण कधी सापडतं म्हणून. पण आपण घातलेला हुरडा त्यात नव्हता, माडगं नव्हतं, कृष्णाकाठ तर नव्हताच. आता ते यांना कळणार होतं.

दिलीपरावांनी पेला खाली ठेवला. आधी ज्ञानदाला म्हणाले की पोरी, तुझ्या बिअरमध्ये खोट नाही, उत्तम आहे. मग बायकोकडे वळले.

"चारू, पण तू सांगायचीस तिच्या पासंगालाही पुरत नाही गं ही."

ती ओशाळून म्हणाली, मी थोडं जास्तीचं सांगत होते.

"ते मला कळायचं," ते म्हणाले. "साध्या बिअरमध्ये माडगं कुठून येणार? मी त्या जास्तीच्यासाठीच इथवर येत होतो. नाही तर त्या पेल्यात मला काय होतं?"

ज्ञानदा पदर नसतानाही पदर डोळ्यांना लावल्यासारखं करून टाकीकडे निघून गेली. दिलीपरावांनी पेला उचलला, पण तोंडाला लावला नाही. चारुलताचा लिंबू सोडा बाजूला सारला आणि तिचा उजवा हात आपल्याकडे ओढून तळवा उघडला. त्यावर पळीभर बिअर घातली.

"सांग," ते म्हणाले.

चारुलतानं ती भुरकन ओढली. आज शिकरण होतं, पण बेताचंच. ती म्हणाली की आज शिकरण करणारीनं साखरेत हात आखडलाय, पण गहू मात्र आईच्या हातचा आहे. एवढं सांगून तिनं ओला हात डोक्यावरून पुसला, या खेपेला न सावरता. दिलीपरावांनी डोळे मिटून घेतले होते.