मागचं चाक

वहिनींच्या वर्गाचा एक नियम होता. तो कुठे छापलेला नव्हता, पण वर्गातल्या झाडून सगळ्यांना पाठ होता. शेवटचा पोचल्याशिवाय कुणी खाली उतरायचं नाही.

आता हा वर्ग म्हणजे काय प्रकार, ते आधी सांगायला हवं. एका मोठ्या खोलीत, दिव्यांच्या झोतात, वहिनी जागच्या जागी चालणाऱ्या सायकलवर बसत. समोर कॅमेरा. आणि आपापल्या घरी तशाच सायकली मारत बसलेले लोक, कुणी बाल्कनीत, कुणी झोपायच्या खोलीत, कुणी फ्रिज आणि दरवाजा यांच्यामधल्या चिंचोळ्या फटीत. त्यांच्या सायकलला पडदा, पडद्यावर वहिनी. वहिनींच्या समोरच्या भिंतीवरही एक भलामोठा पडदा होता. त्यावर डोंगराचा रस्ता काढलेला आणि त्या रस्त्यावरून सरकणारे ठिपके. एकेक ठिपका म्हणजे एकेक माणूस. नाव ज्याने त्याने आपल्या मर्जीने ठेवलेलं. खरी नावं वहिनींना दिसत नसत.

"काय हो, 'सोमवारपासून नक्की'! आज गुरुवार उजाडला, पाय हलवा की! 'रात्रपाळी', झोपलात काय? आणि 'ढेरपोट्या', तुमचं नाव आता बदलायला झालंय बरं का, माझ्या डोळ्यांदेखत ओसरलंय ते!"

वहिनी पूर्वी शाळेत खेळाच्या बाई होत्या. आवाज असा, की मैदानाच्या दुसऱ्या टोकाचं पोरगंही चपापून उभं राही. त्याच आवाजाने त्या लोकांना डोंगरावर चढवत. जे लवकर पोचत ते माथ्यावर हळूहळू पाय मारत थांबत. आणि सगळ्यांच्या मागून, रमतगमत नव्हे तर अगदी जिवाच्या कराराने, एक ठिपका वर येत असे. त्याचं नाव 'मागचं चाक'.

रोज तोच शेवटचा. या एका नावापुढे वहिनींचा आवाज आपोआप खाली येई. "या, मागचं चाक. घाई नाही. आम्ही इथेच आहोत." मग बाकीच्यांना दम भरत, "शेवटचा अजून यायचाय. कुणी उतरायचं नाही!" तो ठिपका माथ्यावर टेकला, की पडदाभर टाळ्या उमटत आणि वर्ग सुटे. ठरलेली वेळ केव्हाच टळलेली असे. कुणाची तक्रार नव्हती.

कंपनी वहिनींच्या दिराची. त्याने ती एका गॅरेजात सुरू केली, तेव्हा शिकवणारा माणूस ठेवायची ऐपत नव्हती. "वहिनी, एकच दिवस बसा हो," असं गयावया करून त्याने त्यांना सायकलवर बसवलं, आणि तो एक दिवस काही संपला नाही. पुढे तर अशी वेळ आली, की सगळं जग घरात कोंडून पडलं आणि सायकली बनायच्या आधीच विकल्या जाऊ लागल्या. दीर हवेत होता. मजल्यामागून मजले भाड्याने घेतले, गोदाम गच्च भरलं. मग जगाची दारं उघडली. लोक बाहेर पडले ते पडलेच, आणि घरोघरच्या सायकली कपडे वाळत घालायच्या कामाला लागल्या. मजले एकेक करून परत गेले. कॉफीचं यंत्र गेलं. हिशेबाच्या खोलीत पूर्वी हशा चालायचा, तिथे आता पंख्याचाच काय तो आवाज.

आणि अशात ती बातमी आली. बातमी कसली, कुजबुज. ती मोठी कंपनी, जिचा फोन ज्याच्या त्याच्या खिशात असतो, ती आपल्याला विकत घेणार म्हणे. लिफ्टमध्ये म्हणे, जिन्यात म्हणे, हात धुताना म्हणे. सगळं ऑफिस त्या एका 'म्हणे'वर तगून होतं.

एका दुपारी दीर वहिनींच्या खोलीत आला आणि दार लोटून बसला.

"उद्या ते लोक येणार आहेत, वहिनी. तुमचा वर्ग बघायला. आणि लगेच, उद्याच कळवणार आहेत, हो की नाही ते."

"येऊ देत की. मी काय खाते त्यांना?"

"एकच सांगायचंय." दिराने कपाळ चोळलं. "वर्ग वेळेवर संपवा. त्यांच्याकडे एकाला लागून एक वर्ग असतात, सेकंद इकडचा तिकडे चालत नाही. आपला वर्ग रोज लांबतो, हे त्यांच्या कानावर गेलंय. ही बेशिस्त वाटते त्यांना."

"बेशिस्त?" वहिनी उसळल्या. "आणि मागचं चाक?"

"अहो, कोण कुठला माणूस! एक दिवस नाही थांबलात तर काय आकाश कोसळणार आहे? इथे या सगळ्यांच्या चुली माझ्या जिवावर आहेत. तुमच्या कॅमेरावाल्याकडे आत्ता कुठे बाळ झालंय. मी काय तोंड दाखवू त्याला?"

दिराचा चेहरा पार उतरून गेला होता. लहानपणापासून पाहिलेलं पोरगं ते, आणि आज अचानक म्हातारं दिसत होतं. वहिनींच्या रागातली हवाच निघून गेली.

"बरं," त्या म्हणाल्या. "एक दिवस."

घरी आल्या तेव्हा त्यांचे यजमान खिडकीशी बसले होते. त्यांना सगळे दादा म्हणत. आयुष्यभर बस चालवलेला माणूस, अंगाने दांडगा. पण मागे पक्षाघाताचा झटका आला आणि डावा पाय त्यांचं ऐकेनासा झाला. दिराने तेव्हा कारखान्यातून निघालेली अगदी पहिली सायकल भावाला आणून दिली होती. वहिनींनीही कंबर कसली. "उचला पाय! आणखी! लाजताय काय, उचला!" असा घरात नुसता धडाका लावला. चार दिवस दादांनी सोसलं. मग एकदा सायकलवरून उतरता उतरता भडकले, "मला घरात बायको पाहिजे. मास्तरीण नको!"

वहिनींना ते फार लागलं. सायकलच्या बाबतीत त्यांनी तोंडाला कुलूप घातलं, ते आजतागायत. सायकलही तशीच मागच्या खोलीत राहिली आणि दुसऱ्यांच्या घरी तिचं जे झालं तेच इथेही झालं. रोज सकाळी निघताना वहिनी तिच्यावर धुतलेले कपडे पसरून जात. परत आल्यावर कधी हँडलवरचा टॉवेल सीटवर दिसे, कधी सदरा उलटा टाकलेला. 'या माणसाला एक कपडा धड ठेवता येत नाही,' असं पुटपुटत त्या घड्या घालत. अलीकडे दादा भिंतीला न धरता न्हाणीघरापर्यंत जायला लागले होते, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. नवं औषध लागू पडलं, असं त्या सगळ्यांना सांगत.

"उद्या मोठे लोक येताहेत वर्ग बघायला," जेवताना त्या म्हणाल्या.

"हं," दादा म्हणाले. "मग जोरात होऊ दे."

थांबायचं नाही असं ठरलंय, हे काही वहिनींच्या तोंडून निघालं नाही. सांगायची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी त्या मोठ्या कंपनीतले तिघे आले. दोन तरुण आणि राखाडी कोटातली एक बाई. वागायला अगदी गोड, आवाज चढा नाही की काही नाही. बाईंनी सायकलच्या पायट्यालासुद्धा हात लावून पाहिला. भिंतीशी खुर्च्या टाकून तिघेही बसले आणि त्यांच्यामागे दीर हात चोळत उभा राहिला.

वर्ग झकास रंगला. वहिनींनी 'ढेरपोट्या'ला चिडवलं, तशी राखाडी कोटवाली खुदकन हसली. दिराचा जीव भांड्यात पडला. ठिपके माथ्यावर जमू लागले, 'रात्रपाळी' आली, 'सोमवारपासून नक्की' धापा टाकत पोचला. भिंतीवरचं घड्याळ वेळ भरत आल्याचं दाखवत होतं. आणि मागचं चाक शेवटच्या वळणाच्या अलीकडे होतं.

आज नेमकं ते जास्तच हळू चाललं होतं. थांबायचं, थोडं सरकायचं, पुन्हा थांबायचं. वहिनींनी दिराकडे पाहिलं. दिराने हात जोडले नाहीत, पण डोळ्यांनी जोडल्यासारखंच केलं. कॅमेरावालाही कॅमेऱ्याच्या आडून त्यांच्याकडेच बघत होता.

"चला," वहिनी म्हणाल्या, आणि तो आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला. "आजचा वर्ग इथेच संपला. उद्या भेटू."

माथ्यावरचे ठिपके बावचळल्यासारखे जागीच हलत राहिले. टाळी एकही उमटली नाही. वळणावरचा तो एक ठिपका मात्र अजून वर यायला धडपडत होता. मग पडदा काळा झाला.

"चोख वेळेवर," राखाडी कोटवाली म्हणाली आणि तिने दिराशी हात मिळवला. सगळे चहा प्यायला गेले. वहिनी गेल्या नाहीत. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं, पर्स उचलली आणि थेट घर गाठलं. वाटेत त्या मनातल्या मनात भांडत होत्या, कधी दिराशी, कधी त्या बाईशी, आणि फिरून फिरून स्वतःशीच. कोण असेल तो? एकटा असेल का? आपल्याला काय म्हणत असेल?

रोजच्यापेक्षा त्या बऱ्याच लवकर पोचल्या. दार उघडलं तर खिडकीजवळची खुर्ची रिकामी. तिच्यावर सकाळी वाळत घातलेल्या कपड्यांचा ओला ढीग पडलेला.

मागच्या खोलीत दादा सायकलवर बसले होते.

पाठ दाराकडे होती. बनियन घामाने चिंब झालेलं, दोन्ही हात हँडलवर घट्ट आणि डावा पाय पायट्याला पट्ट्याने बांधलेला. समोरच्या छोट्या पडद्यावर अक्षरं होती, 'वर्ग संपला. छान झालं!' आणि खाली, त्याच रस्त्याच्या शेवटच्या वळणावर, नाव होतं. मागचं चाक.

वहिनी चौकटीला धरून उभ्या राहिल्या. बांगडी चौकटीवर वाजली. दादांनी मान वळवली नाही.

"आज तू थांबली नाहीस," ते म्हणाले.

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. वहिनींना एकदम रडू फुटलं. शाळेत पोरांचे गुडघे फुटले तरी न रडलेली ही बाई, पदर तोंडात कोंबून ढसाढसा रडली.

"अहो, तुम्ही? इतके दिवस? मला एका शब्दाने सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर तू ओरडली असतीस."

"मी कशाला ओरडेन?"

"मला ओरडतेस. त्याला नाही ओरडत कधी." दादांनी पडद्यावरच्या नावाकडे हनुवटी केली. "त्याच्याशी किती छान बोलतेस तू. कस्टमर केअरला फोन करून नाव घातलं मी. माझी बायकोच तिथे आहे, हे नाही सांगितलं. म्हटलं, एकदा तुला माथ्यावर पहिल्या दहांत येऊन दाखवीन, मग सांगीन." ते थोडंसं हसले. "ते काही जमायचं नाही म्हणा. आज पाय जरा आखडला होता. त्यात तू गेलीस."

वहिनी पुढे झाल्या. पदराने त्यांच्या मानेवरचा घाम पुसला. माफ करा म्हणावं, तर ते फार थोडं वाटत होतं. दिराचं सांगावं, कॅमेरावाल्याच्या बाळाचं सांगावं, तर ते खरं असूनही सबब वाटली असती.

"किती राहिलंय?" त्यांनी विचारलं.

"वळण. आणि त्याच्यावरचा तो शेवटचा चढ."

"मग चढा. मी आहे इथे." मग घाबरून म्हणाल्या, "ओरडणार नाही."

"जरा ओरडलीस तरी चालेल," दादा म्हणाले.

त्यांनी बटण दाबलं. रस्ता पुन्हा दिसू लागला, या खेपेला त्यावर एकच ठिपका. उजवा पाय खाली गेला. डावा अडला, थरथरला, मग तोही गेला. वहिनींनी हँडलवरच्या त्यांच्या हाताजवळ आपला हात ठेवला. "या," त्या हळूच म्हणाल्या. "घाई नाही."

पर्समधला फोन वाजू लागला. दिराचा. दोनदा वाजून थांबला, पुन्हा वाजू लागला, तेव्हा कुठे त्यांनी घेतला.

"वहिनी! कुठे आहात? त्यांचा निरोप आलाय! सगळे खाली जमलेत, तुम्ही ऐका आधी..."

"भावोजी, थांबा."

"अहो, थांबा काय? कंपनीचं काय झालं, ते तरी..."

"थांबा म्हणते ना. शेवटचा अजून यायचाय."

वहिनींनी फोन बंद केला नाही, तसाच खुर्चीवरच्या ओल्या कपड्यांवर ठेवून दिला. ठिपका वळणावर आला, थांबला, पुन्हा सरकला. सायकलचं चाक घरघरत होतं आणि दादांचा श्वास त्याच्यापेक्षा मोठ्याने ऐकू येत होता.

दिरालाही तो ऐकू गेला असावा. "दादा?" असं एकदाच, अगदी हळू, फोनमधून आलं. निरोपाचं त्याने पुन्हा काढलं नाही. पण त्याने फोनही ठेवला नाही.