जेवले मी

शालनच्या हातातलं सूप निसटलं तेव्हा तिला आधी ते आपटल्याचा आवाज आला आणि मग कळलं, की आपण खाली आहोत. बसलोय की पडलोय, हे काही तिला उमगेना. भाजलेले शेंगदाणे फरशीभर उधळले होते आणि त्यांची तांबडी फोलपटं हवेत तरंगत तिच्याच केसांवर उतरत होती. हाताच्या अंतरावर भट्टी होती. भट्टीवरच्या कढईत गुळाचा पाक रटरटत होता.

"अगं ए शालन!" कोंडाजी आबा हातातला झारा टाकून धावले. त्यांनी तिला काखेत हात घालून भिंतीशी ओढलं. "त्या अंगाला पडली असतीस म्हंजे? पाक अंगावर आला तर कातडं सोलून निघतंय, ठावं न्हाई व्हय तुला?"

"पडले न्हाई आबा. नुसती बसले."

"भट्टीम्होरं बसायची जागा हाय का ती? आन मागं बी अशीच बसली व्हतीस."

लोणावळ्याच्या बाजारपेठेमागच्या त्या पत्र्याच्या लांबट खोलीला सगळे चिक्कीचा कारखाना म्हणत. कोंडाजी आबा तिथले सगळ्यांत जुने. पाक कधी उतरवायचा ते त्यांनीच सांगायचं. शालन रोज सकाळी वलवणहून चालत येई, दिवसभर शेंगदाण्यांची पोती ओढी, भाजलेले दाणे चोळी, पाखडी, खवट वेचून काढी आणि दिवेलागणीला चालत घरी जाई. थकवा तिला नवा नव्हता. पण गेले काही दिवस जिना चढताना लागावी तशी सपाट रस्त्यावरही धाप लागत होती. का, ते तिला कळत नव्हतं.

"आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जा," आबा म्हणाले. "डाक्टरीणबाई व्हय म्हनल्या तरच हितं पाऊल टाक. मालकाला मी सांगतो."

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई पुण्याच्या होत्या, वयानं शालनपेक्षा लहानच. शालनच्या आधी बंगल्यावरच्या एक जाडजूड बाई आत गेल्या होत्या. त्यांना डॉक्टरीणबाई सांगत होत्या ते बाकावर बसून ऐकू येत होतं. रोज सकाळी चालत जा, गोड बंद करा, भाताला हात आखडता घ्या. शालननं ते नीट लक्षात ठेवलं. आपल्यालाही तेच सांगतील, असं तिला वाटलं.

बाईंनी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली आणि विचारलं, "काल दिवसभरात काय काय खाल्लं?"

प्रश्न सोपा होता. शालन भराभरा सांगू लागली. "सकाळच्याला भाकरी टाकल्या. ह्यांना बांधून दिली. ह्ये रेल्वेत गँगमन हायत, घाटात रुळांचं काम, भूक लय लागती. थोरल्या दोघींनी च्यात कुस्करून खाल्ली आन साळंला गेल्या. धाकटीला पेज दिली. आत्यांची, म्हंजे सासूची, भाकरी दुरडीत झाकून ठिवली. रातच्याला हरभऱ्याच्या पाल्याची भाजी क्येली, पोरींनी वाट्या चाटून पुसून—"

"आणि तुम्ही?"

"मी वाढलं की समद्यांना."

"वाढलं. पण तुम्ही काय खाल्लं?"

काल. काल आपण काय खाल्लं? कढई पुसून घेतलेला भाकरीचा एक तुकडा आठवत होता, पण तो कालचा की परवाचा? चहा प्यालो होतो, एवढं नक्की. तिनं पुन्हा सकाळपासून सुरुवात केली. चूल, तवा, डबा, पोरींच्या वेण्या, रस्ता, पोती. सगळे जण आपापल्या ताटावर बसलेले तिला स्वच्छ दिसत होते. ती स्वतः मात्र कुठल्याच ताटावर सापडत नव्हती.

"आठवत न्हाई बाई," ती ओशाळून म्हणाली.

बाईंनी गोळ्यांची चिठ्ठी लिहायला घेतली. मग म्हणाल्या, "रक्त फार कमी आहे तुमच्यात. पालेभाजी, डाळ, जमेल तेव्हा अंडं. तेही नाही जमलं, तर रोज मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा."

शालनला हसू फुटलं. आवरेचना.

"चेष्टा वाटते का?"

"न्हाई, बाई. त्येच करती मी दिसभर. शेंगदानं आन गूळ, पोती-पोती. मालक खाऊ बी देतो. पयले आठ दिस समद्याच जनी खात्यात. मंग त्यो वास नाकात असा बसतो, की तोंडात घातलं तरी मळमळतंय." तिनं पदरानं डोळे पुसले. "आन चालनं तर माझं लय हुतं. वलवनपास्नं येती-जाती. चालल्यानं तब्बेत सुधारती ना? मगाच्या बाईंना तुमीच सांगितलं."

"त्यांना सांगितलं ते जेवून बसून राहणाऱ्यांसाठी," बाई म्हणाल्या. "तुम्ही आठ दिवस काम बंद ठेवा. या गोळ्या घ्या, जेवणानंतर. आणि जेवायचं बसून. उभ्यानं नाही."

रस्त्यानं जाताना शालनच्या डोक्यात नुसता गुंता झाला. खायचं म्हणजे कामावर जायला हवं. कामावर जायचं तर आधी खायला हवं. आणि आठ दिवस घरी बसायचं तर खायचं काय? त्या साली पाऊस दगा देऊन गेला होता आणि रेशनवर मिळायची ती तांबडी ज्वारी. तिच्या भाकरीला चव नाही की चिकटपणा नाही. गोळ्या जेवणानंतर घ्यायच्या, पण आपलं जेवण नेमकं केव्हा होतं, हेच तिला सांगता आलं नसतं.

भर दुपारी आपलं घर कसं दिसतं ते तिनं कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. सासू, सरुबाई, उंबऱ्यापाशी बसून फाटक्या गोधडीला टाका घालत होती. धाकटी तिच्या मांडीला टेकून झोपली होती.

"आज लौकर गं?"

"सांगते, आत्या," म्हणत शालन आत गेली. बाईंनी बसून खायला सांगितलं होतं, तर घरात काय आहे ते पाहावं, म्हणून तिनं दुरडीवरचं फडकं काढलं. सकाळी सासूसाठी ठेवलेली भाकरी तशीच होती. कोर मोडलेली नव्हती.

"आत्या, तुमी जेवला न्हाई अजून?"

"जेवले की मी."

"मंग ही?"

सरुबाईची सुई थांबली. "ती पोरींला. साळंतनं आल्या की भूक-भूक करत्यात."

"म्हंजे रोजच?"

"मला म्हातारीला किती लागतंय? पेज पेती की मी धाकटीसंगं." मग तिला काहीतरी सुचलं आणि तिनं मान वर केली. "पर तुला कशाला भाकरी हवी? तू तितं पोटभर शेंगा-गूळ खातीस न्हवं? रोज म्हनतीस, मी तितंच खाल्लं."

शालन दुरडीशीच खाली बसली. तिचा नवरा गोरख रोज रात्री पाण्याचा तांब्या तोंडाला लावताना विचारायचा, "तुमी दोघी जेवल्या का?" आणि दोघी एकदमच "व्हय" म्हणायच्या. शालनला वाटायचं, आत्या दुपारी नीट जेवतात. आत्यांना वाटायचं, सून कारखान्यात जेवते. रागवावं तर कुणावर, तेही कळेना.

"अर्धी-अर्धी खाऊ," दवाखान्यातलं सगळं सांगून झाल्यावर शालन म्हणाली.

"तू खा. डाक्टरनं तुला सांगितलंय."

"तुमी खा आधी."

दुरडी इकडून तिकडं सरकत राहिली. शेवटी दोघींनी भाकरीवर फडकं टाकलं आणि ती पोरींसाठी ठेवली.

संध्याकाळी गोरख घाटातून आला तेव्हा शालननं सगळ्यांची ताटं एकदम मांडली. दिवसभरात काय झालं ते त्याला सांगितलं.

"मी रोज इचारतो की तुमाला," तो गोंधळून म्हणाला.

"तुमी इचारता. आमी सांगतो."

तो आपल्या ताटाकडं बघत राहिला. मग वरची भाकरी उचलून त्यानं आईच्या ताटात ठेवली. मधली पोर शालनकडं टक लावून बघत होती.

"आये, तू बी जेवतीस?"

भाकऱ्या संपल्या, भाजी संपली, आणि भूक सगळ्यांचीच थोडी थोडी उरली. रोज गोरखला आणि पोरींना ढेकर यायची. त्या दिवशी सगळे नुसतंच पाणी प्यायले आणि उठले.

आठ दिवस तसेच ओढून-ताणून गेले. सुट्टीच्या दिवशी गोरख धरणाच्या पाण्यात गळ टाकून बसला आणि चार बारके मासे घेऊन आला. शालन जेवली की गोळी घेई. चक्कर कमी झाली, थकवा होताच. रोज बसून जेवताना तिला चुकल्यासारखं वाटे, जणू चुलीवर काहीतरी करपतंय आणि आपण इथं बसलोय.

ती कामावर परतली तेव्हा कोंडाजी आबांनी तिला भट्टीपासून लांब, दारापाशी निवडायला बसवलं. पोती ओढायला दुसरी बाई दिली. दुपारी बाया मागच्या पायरीवर बसल्या. शालननं फडकं सोडलं. भाकरी होती, वर डाळकांदा होता. पण पहिला घास तोंडात जाईना. वलवणला आत्ता काय चाललं असेल? आज सांजेला आपण विचारू, आत्या म्हणतील जेवले. त्यावर विश्वास ठेवायचा कसा?

तेवढ्यात रस्त्यावरून सरुबाई येताना दिसली. कडेवर धाकटी, हातात गाठोडं, उन्हानं तोंड काळवंडलेलं. शालन धडपडत उठली.

"आत्या! काय झालं? ह्यांना काय—"

"कुनाला काय न्हाई. बस." सरुबाईनं पोरीला खाली उतरवलं आणि पायरीवर बसून धाप टाकली. "तू सांजच्याला इचारशील. मी म्हनंन, जेवले. तुला काय खरं वाटायचं न्हाई. आन तुझं मला वाटत न्हाई. म्हनलं, जाऊन यावं."

"एवढ्यासाटी चालत आला? उन्हातान्हाचं?"

"बसली न्हाई व्हय मी रस्त्यात दोनदा?"

"आन उद्या?"

"उद्याचं उद्या बगू." तिनं गाठोडं सोडलं. आत भाकरी होती आणि मिरचीचा ठेचा.

कोंडाजी आबा दारात आले, बघितलं आणि आत गेले. शालनला हसावं की रडावं कळेना. तिनं आपल्या डाळकांद्यातला अर्धा सासूच्या भाकरीवर घातला आणि खाली बसून घास घेतला.

सरुबाईनं मात्र लगेच खाल्लं नाही. आत पुरुष होते, रस्त्यानं माणसं जात होती. अशी चारचौघांत ती जन्मात कधी जेवली नव्हती. ती पायरीवर बसल्या बसल्या वळली, भिंतीकडं तोंड केलं आणि पदर पुढं ओढून घेतला. धाकटी तिच्या पाठीला टेकून उभी राहिली. शालनला तिचं तोंड दिसत नव्हतं. विटलेल्या पदराखाली कानाजवळचं जबड्याचं हाड तेवढं हळूहळू वर-खाली होत होतं.