पॉलिशचा डबा

छातीच्या वॉर्डात मावशीने एकतीस वर्षं थुंकीची भांडी धुतली. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी गल्लीत कुणी खोकलं की लोक तिच्याकडे यायचे. एक गोष्ट मात्र तिने कधी कुणाला सांगितली नव्हती. तिला बेडक्याची किळस यायची. पहिल्या दिवशी आली, तशीच शेवटच्या दिवशीही. दुपारचा डबा बहुतेक वेळा न खाताच घरी परत यायचा.

त्यात नवरा मिळाला खाकरणारा! फर्निचरच्या दुकानात लाकूड घासायचं आणि पॉलिश मारायचं, हे त्याचं काम. तांबूस लाकूड घासलं की बेडका तांबूस, काळं घासलं की काळपट. थुंकायचा कशात, तर पॉलिशच्याच रिकाम्या डब्यात, आणि तो ठेवायचा खाटेखाली. मावशी रोज तो डबा मान फिरवूनच ओतायची. वॉर्डात पगार मिळायचा म्हणून बघावं लागे. घरी कोण बघतंय?

या खेपेला त्याला सर्दीवरून खोकला लागला.

"आई, बाबांच्या डब्यात बघितलंत?" सून पदर नाकाला लावून बाहेर आली. "गंज कालवल्यासारखं काहीतरी आहे. शी, मला ओकारीच आली."

"पॉलिश असतं ते. तुला नवीन आहे, मी जन्मभर काढतेय."

"पण बाबा दुकानात गेलेत कुठे? आज सहावा दिवस घरीच आहेत की!"

घडी घालता घालता टॉवेल मावशीच्या हातात तसाच राहिला. वॉर्डातल्या मोठ्या सिस्टर आठवल्या. कडक इस्त्रीची टोपी, आणि बोलणं त्याहून कडक. "किळस येते ना? येऊ दे. पण नजर वळवायची नाही. माणूस खोटं बोलतो, भांडं खोटं बोलत नाही."

तिने डबा उचलून खिडकीशी नेला. तळाशी जुन्या पॉलिशचा थर, त्यावर गोंदासारखा चिकट, विटकरी लगदा. डबा कलला तरी हलेना. वास नाकात गेला तसं मळमळून तोंडात पाणी आलं. तिने ते गिळलं आणि बघत राहिली.

मग खाटेशी जाऊन बसली. "थंडी वाजली होती?"

"परवा हुडहुडी भरली. दात असे वाजले, म्हटलं कवळी तुटते आता."

"आणि बोलला नाहीत?"

"तू डॉक्टरकडे नेलं असतंस."

"श्वास घेताना दुखतं?"

"उजवीकडे. सुरी खुपसल्यासारखं."

त्याच्या पोटावर हात ठेवून, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत तिने पूर्ण मिनिटभर श्वास मोजले. बत्तीस. स्वस्थ पडलेल्या माणसाचे वीसच्या आत असायला हवेत.

"आई आली का गं बाजारातून?" त्याने मधेच विचारलं.

त्याची आई जाऊन वीस वर्षं झाली होती. सून हसायला गेली आणि सासूचा चेहरा बघून थांबली.

"खोकल्याचं औषध देऊ का अजून एक चमचा?"

"बाटली ठेव, गाडी बोलाव. नुसती छाती भरली असती तर खोकले असते, कुरकुरले असते, पण जेवले असते, माझ्याशी भांडले असते. दोन-तीन आठवड्यांत निवळलं असतं. क्षय माणसाला सावकाश झिजवतो. हे तसं नाही. धाप लागलीय, कुशीत कळ आहे, बोलणं भरकटलंय. याला उद्या चालत नाही."

डबा तिने झाकण लावून बरोबर घेतला. इस्पितळात फोटो निघाला. उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग पांढराधोप. न्यूमोनिया. ऑक्सिजन लागला, सलाईनमधून औषध सुरू झालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "उशीर झालाय, पण हातचं गेलेलं नाही. थुंकी क्षयासाठीही तपासून घेऊ. रंग बघून आणलंत का?"

"रंगाचं काय, साध्या खोकल्यातही पिवळं-हिरवं पडतं. श्वास मोजले, मग आणलं," मावशी म्हणाली. "पण हा रंग परवापासून घरात असणार, बाई. मीच तोंड फिरवत होते."

तिला स्वतःचीच शिसारी आली, आणि ती गिळता येण्यासारखी नव्हती.

क्षय निघाला नाही. दहाव्या दिवशी तो घरी आला. झाकणाच्या पांढऱ्या भांड्यात खाकरून त्याने ते मोठ्या दिमाखात पुढे केलं. "बघ, अगदी स्वच्छ!"

"शी! मेलं दाखवायची काय हौस!" मावशी म्हणाली. तरी भांडं खिडकीशी नेऊन तिने नीट बघितलं, आणि मग धुवायला गेली.