घड्याळजींची हिरवळ

दृष्टी गेल्यापासून घड्याळजींना सगळ्या घरात एकच जागा आपली वाटायची, मागच्या दारची हिरवळ. घरात जिकडे तिकडे टेबलांचे कोपरे आणि उंबरे. हिरवळीवर मात्र ते काठीशिवाय, अनवाणी, भिंतीपासून भिंतीपर्यंत मनसोक्त फिरायचे.

एका सकाळी मधल्या पट्ट्यात जमीन गादीसारखी दबली. दुसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी तर गवत टाचेखालून सरकलं. डोळ्यांपाठोपाठ आता पायही दगा देणार, या धास्तीनं त्यांना घास गोड लागेना. पण लेकीला त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. कळलं असतं तर तिनं बाहेर सोडलंच नसतं.

आठव्या दिवशी ते पडले. लेक शिलाई मशीन सोडून धावत आली. गवत पिवळं पडलेलं तिला दिसलं, पण उन्हानं असेल म्हणून तिनं त्यावर पाणी सोडलं आणि वडिलांना डॉक्टरकडे नेलं. वयाचं आहे, डॉक्टर म्हणाले. मागच्या दाराला कडी लागली.

"जमीन हलते गं," ते म्हणाले.

"जमीन नाही हलत, बाबा. तुमचा तोल जातो."

बारा दिवस ते खुर्चीला खिळून होते. यापेक्षा सुटलेलं बरं, असं मनात यायला लागलं. बाहेर कावळे आणि साळुंक्या दिवसभर एकाच जागी कलकलत होत्या, गवत फाडल्याचा आवाज येत होता. एवढं काय मिळतंय त्यांना तिथे? लेक कपडे पोचवायला गेली तशी त्यांनी चाचपडत कडी काढली आणि रांगतच तिथवर गेले. मूठभर गवत ओढलं, तर सतरंजीसारखा तुकडाच हातात आला. खाली मुळं नव्हतीच. घड्याळांत केसाएवढ्या स्प्रिंगा बसवण्यात जन्म गेलेल्या बोटांना मातीत गार, लिबलिबीत, वळून बसलेलं काहीतरी लागलं. मग दुसरं. वीतभर जागेत अकरा.

लेक आली तेव्हा त्यांनी मूठ उघडली. पांढऱ्या, तपकिरी डोक्याच्या अळ्या. ती त्यांच्याशेजारी मातीतच बसली.

"चुकलं माझं, बाबा."

"म्हणजे पाय माझे धड आहेत ना?" त्यांनी विचारलं, आणि इतक्या दिवसांचं रडू एकदम फुटलं.

रोपवाटिकेवालीनं पाहताक्षणी हुमणी म्हणून सांगितलं. भुंगेरे मातीत अंडी घालून गेले, अळ्यांनी मुळं खाल्ली. मधला पट्टा गेलाच. कडेचं गवत ओढून पाहिलं तर घट्ट लागतंय, तिथे औषध टाकून भरपूर पाणी द्या, म्हणजे ते मुळांपर्यंत उतरेल. पण थोराड अळ्या औषधाला दाद देत नाहीत, त्या हातानंच वेचा.

लेक खणायची, घड्याळजी चाचपून अळ्या साबणाच्या पाण्यात टाकायचे. तीन दिवस हेच. चारशेनंतर त्यांनी मोजणं सोडलं. उघड्या मातीत नवीन गवत लावलं, पण ते धरायला तीन महिने लागणार होते, आणि तोवर त्यावर पाय ठेवायचा नव्हता. एक्याऐंशीव्या वर्षी तीन महिने म्हणजे काही थोडे नव्हेत. त्या रात्री ते जेवले नाहीत.

औषधाला पंधरवडा उलटल्यावर ते भिंतीकडेच्या गवतावर उतरले. सहा पावलं गेले, वळले, पुन्हा सहा. लेक दारात उभी होती. आत या म्हणाली नाही.