नवापूरच्या मामीचा पाळणा

मित्रांनो, जरा वर बघा. सफाळ्याच्या या घरात, माळ्यावर रिकाम्या पोत्यांखाली दबलेला सागवानी पाळणा म्हणजे मी! आता धूळ खातोय, पण माझेही दिवस होते बरं का.

नवापूरच्या शैलाबाईंच्या सासऱ्यांनी मला हौसेने करून घेतलं. शैलाबाईंचा धीरज माझ्यात झोपला, मग त्याची धाकटी बहीण किंजल. पुढे धीरजची बायको रूपल घरात आली. वर्षं गेली, पण तिची कूस काही उजवली नाही. मी आपला नवापूरच्या माळ्यावरच.

खाली काढलं ते किंजलच्या बाळासाठी. भाग्येश जन्मला आणि किंजल इस्पितळात अंथरुणाला खिळली. ते एवढंसं बाळ रूपलच्या ओटीत आलं. काय सांगू, त्या बाईने जिवाचं रान केलं!

एके दुपारी भाग्येश तिच्याकडे बघून म्हणाला, "आई!" रूपलने त्याला घट्ट छातीशी धरलं. मग मोबाइलमधला किंजलचा फोटो त्याला दाखवला. "ही तुजी आई. मी मामी हाय. बोल, मामी." रोज तेच. धीरज कळवळून म्हणाला, "अगं, म्हनू दे की त्याला आई!"

"सांभाळायला दिलाय तो, ठेवायला नाय," ती म्हणाली आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

शेवटी किंजल बरी होऊन आली. पोर आता मामीला बिलगून टाहो फोडणार, असं सगळ्यांना वाटलं. खरं सांगू? मलाही तेच हवं होतं. पण भाग्येशने किंजलकडे टक लावून पाहिलं, "आई!" म्हणाला आणि दोन्ही हात पसरले.

रूपल हसली. माझ्या कड्या सोडायला लागली. "पाळना पन ने, किंजल. माहेरचा हाय. दुसऱ्यात तो झोपत नाय." टेम्पो सफाळ्याला, किंजलच्या सासरी निघाला तशी ती दारातच बसली आणि मोठ्याने रडली. वळणापर्यंत मला ते ऐकू येत होतं.

भाग्येश आता शाळेत जातो. मित्रांनो, मला असं अडगळीत ठेवू नका. जिथे बाळ आलं असेल तिथे द्या, कुणाचंही असो.

आणि नवापूरला जाणं झालं, तर रूपलला एवढं सांगा. ठेच लागली की बाकीची पोरं "आई गं!" म्हणून ओरडतात. आमचा भाग्येश अजून "मामी गं!" म्हणतो. किंजल ते ऐकते, पण त्याची चूक सुधारत नाही.