चावी कोणी फिरवली

तुम्ही धरणाचे दरवाजे उघडलेत आणि खाली राहणाऱ्यांना कळवलं नाहीत. वर पुराच्या तिसऱ्या दिवशी तुमचा सरकारी माणूस आला, बुटांना चिखल लागू नये म्हणून टाचा उचलत उचलत गाडीपाशी गेला आणि बॉनेट न उघडता काचेवर लाल कागद चिकटवून मोकळा झाला. निकामी. शनिवारपर्यंत हरकत आली नाही तर गाडी भंगारात. नाडी न बघताच डॉक्टरनं मरणाचा दाखला लिहावा, तशातली गत.

गाडी कोणाची होती, ते तरी ऐका. ती ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या एका बाईंची होती. छोटी, पांढरी, शेजारच्या सीटपुढेही ब्रेक आणि क्लच बसवलेली. क्लास म्हणजे ती एकच गाडी. 'तुला जमायचं नाही' हे ऐकत म्हाताऱ्या होऊ घातलेल्या कितीतरी बायका अकरा वर्षांत तिच्यावर हात बसवून गेल्या. गाडी गेली की क्लास गेला, आणि क्लास गेला की बाईंनी दिरांच्या दुकानात बिलं फाडत बसायचं, हे घरात ठरल्यातच जमा होतं. आता तिच्यात जीव अडकवू नकोस, असं नवऱ्यानं समजुतीनं सांगितलं. तो वाईट बोलला नव्हता. म्हणूनच बाईंना ते जास्त लागलं.

बुधवारी त्यांनी गाडी दोर बांधून गॅरेजात ओढत नेली. मेकॅनिक ओळखीचा. त्याची बायको बाईंकडेच शिकलेली, आणि तेव्हापासून शेजारी बसून ती मला ब्रेक कधी दाबायचा ते सांगते, ही त्याची कायमची तक्रार. त्या दिवशी मात्र तो गमतीत नव्हता. दाराच्या काचेवर चिखलाची रेघ अर्ध्यापर्यंत चढलेली. दोन्ही हेडलाइटांत पाणी डुचमळत होतं. सीट काढल्या तर खालचा फोम गच्च भिजून कुबट वास मारत होता. त्यानं ऑइलची पट्टी ओढून बाईंना दाखवली. ऑइलचा दूध जास्त झालेला चहा झाला होता.

मग त्यानं एकच प्रश्न विचारला, आणि तीनदा विचारला. पाणी ओसरल्यावर कोणी चावी फिरवली का?

त्याचं म्हणणं सरळ होतं. इंजिनात पाणी असताना चावी फिरवली, तर आतल्या दट्ट्याला, म्हणजे पिस्टनला, पाणी दाबता येत नाही, आणि त्याचा दांडा वाकतो. नसेल फिरवली, तर पाणी काढायचं, ऑइल बदलायचं, आतून कोरडं करायचं आणि स्टार्टर मारायचा. पण वाकलेल्या दांड्यावर स्टार्टर मारला, तर तो तुटून इंजिन फोडून बाहेर येतो. मग तो लाल कागद खरा.

बाईंनी छातीठोकपणे नाही म्हणून सांगितलं. त्यांची चावी त्यांच्या पर्समध्ये होती. तरी घरी जाऊन त्यांनी सगळ्यांना विचारलं. नवरा नाही म्हणाला. बाबा, म्हणजे बाईंचे वडील, चाळीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेले. त्यांना विचारणं हाच अपमान वाटला असता, म्हणून बाईंनी त्यांना ओझरतंच विचारलं. ते पेपरातून मान वर न करता नाही म्हणाले.

शुक्रवारी सकाळी ऑइल बदललं गेलं. बॅटरी दुसरी लावली. मेकॅनिकनं हात पुसले आणि बाईंना म्हणाला, बसा, तुम्हीच मारा. बाई पत्र्याच्या डब्यावर बसल्या, कारण सीट नव्हतीच. चावी लावली.

"थांब."

गॅरेजच्या दारात बाबा उभे होते. एवढं अंतर चालत आल्यामुळे त्यांना धाप लागली होती.

"फिरवू नको. मी फिरवली होती."

बाईंना आधी कळेचना. मग कळलं, आणि तोंडातून एवढंच निघालं, "तुम्ही?"

डेपोत नव्या पोरांना हेच करायचं नाही म्हणून शिकवणारा माणूस. चाळीस वर्षांत गाडीला ओरखडा नाही, हे येईल त्या पाहुण्याला ऐकवणारा माणूस. बाबांनी घरी खिळ्यावर असायची ती दुसरी चावी खिशातून काढून बॉनेटवर ठेवली. पाणी उतरलं त्या सकाळी, सगळे घरातला चिखल उपसत असताना, ते गाडीत जाऊन बसले होते.

"दोनदा फिरवली. कट् झालं आणि थांबली. मला वाटलं, लागली तर तुला येऊन सांगेन. तुझा चेहरा बघवत नव्हता." मग मेकॅनिककडे वळून म्हणाले, "हिला काही बोलू नका. गाडी माझ्यामुळे गेली, असं लिहून घ्या."

बाई खूप चिडल्या. दोन दिवस तोंडात काय मिठाची गुळणी धरली होती का, असं त्या वडिलांना आयुष्यात पहिल्यांदा बोलल्या. बाबांनी ऐकून घेतलं. मेकॅनिक मात्र ऐकत नव्हता. त्यानं चारही प्लग खोलले, एक लांब बारीक सळई घेतली आणि इंजिन पान्यानं हातानंच हळूहळू फिरवत एकेका भोकात ती सोडू लागला. दट्ट्या पूर्ण वर आला की सळईवर खडूची खूण. पहिली. दुसरी. तिसऱ्या भोकात सळई जास्त आत गेली, खूण नखाएवढी वर पडली. चौथी पुन्हा बरोबर.

"एकच वाकलाय," तो म्हणाला. "काका, अजून पाच मिनिटं घरी बसला असतात ना, तर चारही गेले असते आणि वर माझं डोकं फुटलं असतं."

बाबा म्हणाले की एक काय नि चार काय, आता दे सोडून, सगळे म्हणतायत तेच बरोबर. बाई डब्यावरून उठल्या. त्यांनी पलीकडच्या, शिकवणाऱ्याच्या बाजूच्या पेडलवर पाय ठेवून पाहिला. क्लच जड होता, खालची माती अजून निघाली नव्हती. पण तो खाली गेला आणि वर आला.

"इंजिन उघडा," बाई म्हणाल्या. "आणि बाबा, तुम्ही बाह्या वर करा. सीटचा फोम कोण धुणार?"

बाबांनी बाह्या वर केल्या. तासाभरानं ते मेकॅनिकला फोम कसा पिळायचा हे शिकवत होते, आणि तोही बिचारा ऐकत होता.

हरकतीचा अर्ज दुपारीच गेला. मेकॅनिकनं सही करून लिहिलं की इंजिन उघडलं आहे, एक दांडा वाकला आहे, तीन आठवड्यांत गाडी रस्त्यावर येईल. अर्जात गाडीच्या मालकासाठी दोन ओळींची जागा होती. बाईंनी कागद उलटवून मागची कोरी बाजू घेतली. त्यांनी जे विचारलं ते असं: गाडी तुम्हीच पांढऱ्या रेघा मारून नेमून दिलेल्या जागेत उभी होती. ती दुरुस्त होऊन परत तिथेच येणार आहे, कारण आमच्या रस्त्यावर दुसरी जागा नाही. पुढच्या वेळी दरवाजे उघडण्याआधी किती तास अगोदर सांगणार, कोण सांगणार, आणि तेव्हा गाडी कुठे न्यायची? लेखी उत्तर द्या.