सातवा परिच्छेद

बाईंनी चहा ढवळला आणि मोबाइल टेबलावर पालथा ठेवला. समोरच्या मुत्सद्द्याने आधी मोबाइलकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. पावणेबारा.

करार विकासनिधीचा होता. सातव्या परिच्छेदात त्याच्या छोट्याशा देशाची एकच मागणी होती: नवे पंप देताच आहात, तर ते दुरुस्त करणारी माणसंही गावोगाव शिकवून तयार करा. बारापर्यंत लेखी हरकत आली नाही तर मजकूर मंजूर, असा तिथला रिवाज. बाईंच्या श्रीमंत देशाची हरकत सलग तीन दिवस पाच कमी बाराला, बाईंच्याच मोबाइलवरून आली होती. आज शेवटची मुदत; हरकत आली की परिच्छेद कायमचा गळणार. त्याच्या कंपूत बाईंना 'नकारघंटा' म्हणत. आणि आज ही घंटा स्वतःहून त्याला चहाला घेऊन आली होती! का, ते कळेपर्यंत त्याला चैन पडणार नव्हतं.

"तुमच्याकडे पंप बिघडला की कोण दुरुस्त करतं हो?"

"आमच्या गावात? माझी वहिनी."

"चेष्टा करताय."

"तिच्यासमोर म्हणून बघा! सायकलच्या ट्यूबचा वायसर कापते नि बसवते. वर दादाचा उद्धार करते, तो वेगळा."

"मग चाललंय की तुमचं. शिकवायचं कशाला?"

याचं छापील उत्तर त्याच्या खिशात होतं, आकडेवारीसकट. त्याने ते काढलं नाही.

"तिचे गुडघे गेलेत. आणि आसपासच्या नऊ गावांत ती एकटीच आहे."

बाईंनी कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "ट्यूब कापते कशानं?"

"शिवणाच्या कात्रीनं. माझ्या आईच्या. त्यावरून घरात महायुद्ध."

बाई खळखळून हसल्या आणि त्यांनी आणखी दोन चहा मागवले.

पाच कमी बारा. बारा. बारा वाजून चार मिनिटं.

"अगंबाई," त्या म्हणाल्या, "वेळ गेलीच की!"

त्याने तोंड उघडलं, तशी त्यांनी मान हलवली.

"आभारबिभार नकोत. मला वर उत्तर द्यायचंय."

दुपारी भर सभागृहात बाई नवव्या परिच्छेदावर तुटून पडल्या. त्यात होती वार्षिक अहवालाची पानं किती असावीत ही बाब. त्याला त्या पानांचं काडीचं सोयरसुतक नव्हतं. तरी तो ताडकन उठला, टेबल बडवलं, देशाचा स्वाभिमान पणाला लावला. दोन तास झुंजून हरला, आणि हरताना चेहरा इतका पाडला की बाईंचे वरिष्ठ चहापर्यंत त्यांची वाहवा करत राहिले.